बिगिनर

संजीवकाकांनी चाळीस वर्षं आपली सिगारेट पद्मिनीकाकूंना कळू दिली नव्हती. यंदा डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे बघून चांगलाच दम भरला, तेव्हा निदान व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर तरी यावं असं काकांनी ठरवलं. ते राहायचे त्या मॉरिसव्हिलमध्ये कुठेही गेलं तरी कोणीतरी मराठी भेटणारच, म्हणून ते साठ मैल ड्राइव्ह करून एका अनोळखी गावातल्या व्हेपच्या दुकानात शिरले.

“मी अगदी बिगिनर आहे,” ते काउंटरवरच्या बाईला म्हणाले. तिने न कंटाळता समजावलं, की बॅटरी कॉइल तापवते, कॉइल लिक्विडची वाफ करते आणि ती वाफ आपण ओढायची. नवशिक्याने बिनबटणाचं, आधीच लिक्विड भरलेल्या तयार पॉडवालं साधं डिव्हाइस घ्यावं.

पण काका पडले इंजिनियर! त्यांना वॉट कमीजास्त करायचे होते, टाकी स्वतः भरायची होती. शोकेसमधलं सगळ्यात मोठं, निळं डिव्हाइस त्यांनी हौसेने हातात घेतलं आणि कार्ड पुढे केलं.



“अहो, ते नका घेऊ,” पाठीमागून पद्मिनीकाकू म्हणाल्या, “माझं पर्समध्ये गळलं होतं.”