जळायचा प्लॉट

“मॅडम, तुमचे दोन्ही प्लॉट वाचवले जी! एक पातं जळू नाही देलं,” वनमजूर सोनूभाऊ म्हणाले. त्यांच्या भुवया होरपळल्या होत्या.

उर्मिलाने पाहिलं, दोन्ही प्लॉटमधलं वाळलं गवत जसंच्या तसं उभं होतं. मोहफुलं वेचण्याआधी गावकरी झाडाखालचा पाला जाळत आणि ती आग दरवर्षी या माळावर चढे. एक प्लॉट आगीपासून राखायचा, दुसरा जळू द्यायचा आणि पावसाळ्यात कुठे किती जातींची रोपं उगवतात ते पाहायचं, हा तिचा अभ्यास. यंदा शेवटचं वर्ष. ‘दोन्ही प्लॉट जपा,’ असं तीच सांगून गेली होती, पण गुरांपासून!

“बरं केलंत,” ती कशीबशी म्हणाली. ते पाणी आणायला वळले, तशी ती काडेपेटी घेऊन जळायच्या प्लॉटमध्ये शिरली. एका काडीचं तर काम होतं.

गवतात एक ससा बसला होता. पलीकडे तितराची मादी पिलांना पंखाखाली घेऊन. भोवती सगळा माळ काळा पडलेला. तिला पाहूनही कुणी हललं नाही. पळायला जागाच उरली नव्हती.

सोनूभाऊ आल्यावर तिने काडेपेटी त्यांच्या हातात कोंबली.

“ठेवा तुमच्याजवळ. मी मागितली तरी देऊ नका.”