मागची सीट

कोथरूडला गणिताच्या शिकवण्या घेणाऱ्या सुनेत्राबाई पन्नाशीत हडपसरला ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवायला शिकत होत्या. गेल्या आठवड्यात उतरताना त्यांचे हात थिजले, तेव्हा मागच्या सीटवरून प्रशिक्षक गद्रेसरांनी विमान सावरलं होतं. आज उड्डाणाआधी सर उतरले. "मी येत नाही. एकट्याच फेरी मारून या." जमिनीवरच्या यंत्राने दोर ओढून ग्लायडर आभाळात चढवला, दोर सुटला आणि सगळं शांत झालं. शेजारी एक घार संथ गिरक्या घेत चढत होती. बाई तिच्यामागे वळल्या. तापलेल्या हवेने त्यांना अलगद उचललं. खाली कालवा दोऱ्याएवढा झाला, वेळ कुठे गेला कळलं नाही. उतरताना हात थिजले नाहीत. सर घड्याळ बघत होते. "चार मिनिटांची फेरी होती, बाई. वीस झाली." "घार सोडेना," बाई म्हणाल्या. सरांनी उड्डाणांची नोंदवही पुढे केली. वैमानिकाच्या रकान्यात पहिल्यांदाच फक्त बाईंचं नाव होतं.