आला आवाज

अरुणकुमारच्या कॉम्प्युटरवरच्या मोटारसायकल-शर्यतीच्या खेळाचा आवाज सकाळीच गेला, आणि अख्खा रविवार तो त्याच्यामागे लागला. स्पीकर उघडून पाहिले, साउंड कार्डाची फ्लॉपी पुन्हा घातली, नेहरू नगरातल्या मित्राला फोन लावला.

शेजारच्या खोलीत वसुंधरा सासऱ्यांजवळ बसली होती. लकवा मारल्यापासून नरहरींची वाचा गेली होती. रोज कोणीतरी समोर बसून त्यांना बोलतं करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "मले नाही जमत," म्हणून अरुणकुमारने ते बायकोवर ढकललं होतं.

संध्याकाळी नरहरींचे ओठ थरथरले. "अ... रू," ते म्हणाले.

वसुंधरा धावतच बाहेर आली. तोच अरुणकुमार खुर्चीतून उठला. "आला आवाज!"

"तुम्ही पण ऐकला?" तिचे डोळे भरून आले.

"मग? स्पीकरची वायर माइकच्या भोकात गेली होती. ऐक, गाडी कशी घुरघुरून राहिली."

"अहो, बाबा बोलले. तुमचं नाव घेतलं त्यांनी."

"हो, येतो. ही एक शर्यत होऊ दे."

तो पुन्हा पडद्याकडे वळला. त्याच्या पाठीकडे बघून तिला शिसारी आली. हात धरून ओढून न्यावं, एवढंही तिला वाटेना. आत जाऊन तिने दार लोटून घेतलं. नरहरी दाराकडेच बघत होते.

"अ... रू?"

भिंतीपलीकडे मोटारसायकल गुरगुरत होती.

"ते गाडी काढून सिविक सेंटरच्या बाजारात जाऊन राहिले, बाबा," ती म्हणाली. "ऐकू येते ना?"