आरशाआडची मान

दातांच्या डॉक्टरांनी प्लॅस्टिकचं कवच उजेडात धरलं आणि त्यातल्या भोकातून खिडकीबाहेर पाहिलं. झोपेत दात एकमेकांवर घासू नयेत म्हणून रात्री चढवायचं ते कवच आरसेवाल्याने चावून चावून भोकं पडण्यापर्यंत आणलं होतं. हे दुसरं. पहिल्याचे तर सरळ दोन तुकडे झाले होते. डावीकडची दाढ तडकली आहे आणि असंच चालू राहिलं तर ती काढावी लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगून टाकलं.

मग चौकशी सुरू झाली. झोपायच्या आधी चहा, सिगरेट? सिगरेट नाही, चहा एकच कप. घोरता का? पूर्वी घोरायचे, हल्ली नाही, हे त्याच्या बायकोने परस्पर सांगितलं. दिवसभराचा काही ताण अंथरुणात येतो का? कुणावर राग धरलाय का?

“छे, राग कसला,” आरसेवाला म्हणाला. पण सुजलेला गाल धरून म्हणाला, त्यामुळे ते कुणालाच फारसं पटलं नाही. डॉक्टरांनी नवं कवच करायला घेतलं, गरम शेक घ्यायला सांगितला आणि दिवसा ओठ मिटलेले पण दात सुटे कसे ठेवायचे ते करून दाखवलं.

बायकोच्या डोक्यात मात्र राग हा एकच शब्द घुसला होता. नवरा रोज शेजारी झोपून दातओठ खातो, तो कुणावर? खोलीत तिसरं कोणी नव्हतं. घरी पोचेपर्यंत तिने मनातल्या मनात स्वतःची पुरती झडती घेतली आणि दारातच कबूल करून टाकलं की, त्याची जुनी सायकल चोरीला गेली नव्हती, तिनेच भंगारात दिली होती. आरसेवाल्याला ही बातमी नवीनच होती. त्या रात्री दात जरा जास्तच वाजले.

तिचीही एक कुरकुर होती, नाही असं नाही. साऱ्या शहराला आरसे पुरवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात तळहाताएवढा आरसा होता, तोही कोपऱ्यात टवका उडालेला. एक अंगभर आरसा आणा म्हणून ती वर्षानुवर्षं मागे लागली होती आणि तो दर वेळी म्हणायचा, बघू, आपला जिना फार अरुंद आहे. आता त्याच्या दाढेपायी तिने तोही विषय बंद केला. उशी उचलून ती बाहेरच्या खोलीत झोपायला लागली. आपलं नक्की कुठे चुकलं हे तिला कळत नव्हतं, आणि विचारायची भीती वाटत होती.

अशात एक दिवस तो चष्मा घरी विसरला. तो द्यायला ती कारखान्यात गेली. कडा घासायच्या यंत्राखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं. मधोमध एक मोठा आरसा दारासारखा उभा होता, अलीकडे तिचा नवरा आणि पलीकडे त्याचा नवा जोडीदार. जुना जोडीदार हिवाळ्यात निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेला होता. तो भारी बडबड्या. आरसा हातात नीट आला की सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असं “धरला, सोड” म्हणायचा, आणि ते ऐकल्याशिवाय समोरच्याने हात काढायचा नाही, हा तिथला नियमच होता. या नव्या गड्याला सगळे मौनीबाबा म्हणत. कामाला चोख, पण बोलायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं.

“धरला?” नवऱ्याने विचारलं.

मौनीबाबाने मान हलवली. ती बाजूला उभी होती म्हणून तिला दिसली. नवऱ्याला आरशाच्या पाठीशिवाय काहीच दिसत नव्हतं. उत्तर येईना आणि हात सोडवेना. बोटं वळवून, जबडा आवळून तो तसाच ताटकळला. हे ध्यान तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. झोपेत तो अगदी अस्साच असायचा, फक्त आडवा. आणि हे सगळं सुरू झालं होतं ते त्या हिवाळ्यापासूनच.

निघताना तिने मौनीबाबाला सुनावलं की, आरशाआडून मान हलवण्यापेक्षा तोंड हलवत चला. मौनीबाबाने मान हलवली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवून आरसेवाला कलंडला. थोड्याच वेळात करकर सुरू झाली. ती हलकेच आत आली आणि त्याच्या उशाशी बसली. दोन्ही हात छातीवर उचललेले, बोटं वळलेली, गालाची शीर तटतटलेली. काय म्हणायचं ते तिला ठाऊक होतं. अडचण एवढीच होती की, लग्न झाल्यापासून तिने त्याला कधी एकेरीत हाक मारली नव्हती, आणि जुना जोडीदार काही त्याला “सोडा” म्हणायचा नाही. तिने घसा खाकरला आणि आवाज जमेल तेवढा जाडा केला.

“धरला. सोड.”

जबडा सुटला. बोटं उलगडली आणि हात दोन्ही बाजूंना अंथरुणावर पडले. कित्येक महिन्यांनी त्याचं तोंड आरामात उघडं पडलं. ती समाधानाने उठणार, तेवढ्यात तो झोपेतच पुटपुटला,

“जिन्याच्या वळणावर सांभाळ रे. बायकोचा आरसा आहे.”