एकादशीचा डाव

सतराव्या चालीला फोनने बुद्धिबळात हिम्मतरावांवर पुन्हा मात केली. सकाळपासूनची ही पाचवी. ते उठले, बाल्कनीत जाऊन आले, बसले, पुन्हा उठले. आपण बोट उचलायच्या आत त्याची चाल तयार. ना खोकला, ना तपकिरीची शिंक, ना एखादं "अरेरे". टाळावाचून कीर्तन ऐकावं तसं. तरी बोट वळायचं त्याच्याकडेच.

"मामंजी, दुधाकडे बघा म्हटलं होतं," सून चारुलता म्हणाली. दूध केव्हाच उतू गेलं होतं.

हरण्यापेक्षा त्यांना वेगळंच काही खुपत होतं. बारा वर्षं दर एकादशीला दुपारचं कीर्तन संपलं, कपाळी बुक्का लागला, की ते तारनाक्याला जुन्या मित्राच्या, सुरेशच्या घरी जायचे. पट मांडला जायचा. दिवेलागणीपर्यंत डाव, आणि बहुतेक वेळा जीत हिम्मतरावांची. डाव संपला की ते लगेच निघायचे, कुकटपल्लीचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. मग या यंत्रापुढे वीस चालीही का टिकत नाहीत? सुरेशच कच्चा. त्याच्याशी खेळूनच आपला हात गंजला. उद्या एकादशी. आता जायचंच नाही, त्यांनी ठरवून टाकलं.

चाली वहीत लिहून ठेवायची त्यांना सवय. पुरावा हवा म्हणून गेल्या एकादशीचा डाव त्यांनी चारुलताकडून फोनमध्ये भरून घेतला. सुरेशच्या चालींवर लाल खुणा उमटल्या. विसाव्या चालीला घोड्याने मात होती, सोडली. सव्विसाव्याला वजिराने, तीही सोडली. त्याआधीचा डाव भरला. तिथंही तेच.

"काका झोपेत खेळतात की काय, मामंजी?" चारुलता हसली.

हिम्मतरावांनी तिथल्या तिथं सुरेशला फोन लावला. रेल्वेतून निवृत्त झालेला एकटा जीव. पहिल्याच घंटीला उचलायचा. आजही उचलला. हिम्मतरावांनी वही समोर धरून एकेक चूक वाचून दाखवली, दोनदा हौला, म्हणजे बावळट, म्हणून घेतलं, उद्यापासून येणार नाही हेही ऐकवलं.

"मात समोर होती, सुऱ्या. एका चालीची. दिसली कशी नाही तुला?"

पलीकडे पंखा घरघरत होता.

"दिसली होती की," सुरेश म्हणाला. "पण मात झाली की तू चपला घालतोस."