टँक आला

करुणाच्या स्वस्तातल्या लॅपटॉपला हेडफोन चालत नव्हता. ऑनलाइन खेळात सगळ्यांच्या पुढं राहून मार झेलणाऱ्या भिडूला 'टँक' म्हणतात. तिचे भिडू सारखे ओरडायचे, "टँक आला, टँक आला."

गारखेड्यात नळ कोरडे होते. काल आवाज ऐकून आई हंडे घेऊन खाली धावली, गल्लीतल्या बायांनाही हाका मारल्या. टँकर नव्हताच. बाया तिच्यावरच उखडल्या.

"लई झालं तुझं," आई करुणावर कडाडली. "आता टँकरचं नाव ऐकलं ना, तर हे डबडं खाली फेकून दीन."

आज दुपारी पुन्हा तेच ऐकू आलं. "बंद कर ते, कार्टे," आई भाकरी थापता थापता खेकसली आणि जागची हलली नाही.


करुणा लॅपटॉप विकायला मघाशीच न सांगता घराबाहेर पडली होती.