कुलपातला साबण

बालवॉर्डातल्या बेसिनवर आज सकाळी साबण आला, कारण तपासणीचं पथक येणार होतं. एरवी तो कपाटात कुलपाखाली असायचा. उघडा ठेवला की नातेवाईक पळवतात, असं इनचार्ज सिस्टरचं म्हणणं. त्यामुळे एका पोराची सलाईन काढलेले हात तसेच दुसऱ्या पोराची सलाईन लावायचे.

पथकातल्या साहेबांनी भरपूर फेस काढून हात धुतले, धुतानाचा फोटो काढून घेतला, "छान ठेवलंय" म्हणाले आणि शहाद्याकडे निघाले.

गाडी फाटकाबाहेर पडताच सिस्टर साबण उचलायला आल्या. बेसिनपुढे रनाळ्याची चेतना उभी होती. एका खांद्यावर तापाने फणफणलेली पोर, दुसऱ्या हाताच्या मुठीत तो साबण. पोरीला जुलाबासाठी दाखल केलं होतं. जुलाब थांबले, पण सलाईनच्या सुईपाशी हात सुजला आणि ताप चढला. हा जंतू दवाखान्यातलाच आहे आणि त्याला आमचं कुठलंच औषध लागू पडत नाहीये, असं डॉक्टर नुकतंच सांगून गेले होते.

"ए बाई, दे तो इकडे," सिस्टर म्हणाल्या. "साबण गेला तर मला विचारतात."

चेतनाने मूठ उघडली नाही.

"साबन गया ते तुमले ईचारतस," ती म्हणाली. "मन्ही पोर गयी ते कोनले ईचारतीन?"